दोन सेटमधलं बसणं

जिममध्ये एक सेट झाल्यावर दुसरा सुरू करण्याआधी किती वेळ बसायचं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने एवढ्याशा गोष्टीचा ध्यास घ्यावा का, असं बायको विचारते. तिला वाटतं मला पोट कमी करायचं आहे. तसं असतं तर मी एवढा विचार केला नसता.

मी भोरमध्ये राहतो. कचेरीत बसून करायची नोकरी आहे. आमचं मूळ घर हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. तिथे आई राहते, माझा थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. डांबरी सडक वाडीच्या बरीच खाली संपते आणि तिथून वर पायवाट आहे. आईचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. त्यात तिला साखर आहे, आणि पायावरची एक जखम काही केल्या भरत नाही. वहिनी रोज पट्टी करते, तरी महिन्याला एकदा भोरच्या डॉक्टरांना दाखवावंच लागतं. म्हणजे महिन्याला एकदा आईला उचलून खाली आणायचं आणि उचलून परत वर न्यायचं.

उचलायचं म्हणजे झोळीत. जाड बांबूला घोंगडी बांधायची, आत आईला निजवायचं, एकाने पुढे खांदा द्यायचा, एकाने मागे. पूर्वी वाडीत नुसती हाक दिली की अंगणात गडी मावत नसत. आता तरणी माणसं पुण्याला नाहीतर शिरवळच्या कंपन्यांत. झोळीला उरलेत ते दादा, आमचा एक चुलतभाऊ, शेजारचा एक जण, आणि भोरहून गेलो तर मी. दोन जोड्या. उंचीला उंची जुळावी लागते, नाहीतर झोळी एका बाजूला घसरते, म्हणून दादा आणि मी एक जोडी, चुलतभाऊ आणि शेजारी दुसरी.

भादव्यातल्या खेपेला मी पहिल्याच उतारावर बसलो. बसलो म्हणजे गुडघेच मिटले. चुलतभावाने धावत येऊन बांबू धरला म्हणून बरं, नाहीतर आई चिखलात पडली असती. खाली सडकेवर जीपला टेकून सगळे दम खात होते तेव्हा शेजारी दादाला म्हणाला, "आता म्हातारीला भोरलाच ठेवा की. आमी बी काय कायमचं पुरनार न्हाई."

तो वाईट बोलला नाही. खरं तेच बोलला. पण आई जीपमध्ये बसलेली होती आणि काच उघडी होती. वाटेत ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुला झेपंल का रं? तुला झेपलं तर मी वाडीवरच ऱ्हाते. न्हाईतर तसं सांग."

"झेपेल की," मी म्हणालो.

ती आमच्याकडे महिनाभर राहून गेलेली आहे. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एकच बाथरूम, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवसभर ती भिंतीकडे बघत पडायची. "मला घरी सोड," असं ती म्हणाली तेव्हा मी एकदाही 'राहा गं' म्हटलं नाही. तिची इच्छा, असं म्हणून लगेच जीप सांगितली. तिची इच्छा होतीच. पण बाथरूम मोकळं होणार याचं मला बरंही वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं अजून कुठेतरी अडकून आहे. म्हणून मी "झेपेल" म्हणालो आणि पुढच्याच सोमवारी जिमला नाव घातलं.

जिम एसटी स्टँडच्या मागे एका दुकानावर आहे. तिथे शिकवणाऱ्या मुलाला सगळे सर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "काका, तुम्हाला नक्की काय पाहिजे? ताकद पाहिजे तर जड उचलायचं, आणि दोन सेटच्या मध्ये चांगलं तीन मिनिटं बसायचं. दम वाढवायचा तर हलकं उचलायचं, आणि मिनिटभरात उठायचं."

"मला आईला उचलायचंय," मी म्हणालो.

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "वजन किती त्यांचं?"

मला सांगता येईना. आईला काट्यावर उभंच राहता येत नाही, त्यामुळे खुबा मोडल्यापासून तिचं वजन कुणी केलेलंच नाही. खांद्यावर घेतलं की ती कधी जड लागते, कधी अगदीच हलकी लागते, आणि हलकी लागते तेव्हा जास्त भीती वाटते. हे त्याला काय सांगणार.

"किती वेळ उचलायचंय?"

तेही माहीत नव्हतं. जोडी बदलेपर्यंत.

त्याने विचार केला आणि दोन्ही थोडं थोडं करू म्हणाला. तिथून माझा गोंधळ सुरू झाला. मोबाईलवर बघितलं तर एक जण सांगे, मिनिटभराच्या वर बसलात तर मेहनत वाया गेली. लगेच खाली दुसरा सांगे, पाच मिनिटं बसला नाहीत तर मेहनत वाया गेली. कापूरहोळला टायर-पंक्चरचं दुकान असलेला एक जण रोज जिमला येतो, अंगाने दांडगा. त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, घड्याळ कशाला? घाम सुकायच्या आत उठायचं." मला घाम फार येतो. त्या हिशेबाने मी उठलोच नसतो.

पण खरी अडचण मिनिटांची नव्हती. मला बसताच येत नव्हतं. बाकावर टेकलो की आजूबाजूला माणसं जोर काढतायत आणि आपण बसलोय, हेच डोक्यात. आमच्याकडे भातकापणीला माणसं एका ओळीत खाचरात उतरतात. ओळ पलीकडच्या बांधाला लागली की सगळ्यांच्या पाठी एकदम सरळ होतात. मध्येच एकट्याने उभं राहून पाठ ताठ केली तर कुणी बोलत नाही. पण शेजारचा विळा क्षणभर थांबतो, आणि तेवढं पुरतं. तसं हे. सरांनी तीन मिनिटं बसा म्हटलं की मी मिनिटभरात उठायचो, मग दुसऱ्या सेटला हात थरथरायचे, आणि सर लांबून ओरडायचे, "काका, बसा! तुम्हाला कुणी उठवलं?"

कुणी उठवलं, हा प्रश्न मला फार लागला. कारण झोळीच्या कामात उठणं आणि टेकणं स्वतः ठरवायचं नसतंच. खांद्यावर बांबू असलेला माणूस 'मी दमलो' असं म्हणत नाही. ते बाकीच्यांनी बघायचं असतं. चालता चालता दुसरी जोडी जवळ येते, बांबूखाली खांदा घालते, "सोड" म्हणते, आणि पहिले दोघे एकदम बाजूला होतात. एकदम, कारण एकाच टोकाला उंची बदलली तर झोळी कलते. मी लहानपणापासून हेच बघत आलो. त्यामुळे मला दम लागलाय की नाही, हे मला सांगणारं माणूस नेहमी दुसरंच होतं. इथे जिममध्ये ते कोण सांगणार? घाम, घड्याळ, मोबाईल. प्रत्येक जण वेगळं.

अशात एके दिवशी तो टायरवाला खांद्यावर बार घेऊन खाली बसत होता, उठत होता. स्क्वॅट म्हणतात त्याला. शेवटी शेवटी त्याचे पाय लटपटायला लागले, मान लाल झाली, आणि तो खाली गेला तो वर येईना. मी बाकावरून उठलो, गेलो, बारच्या एका टोकाखाली खांदा घातला आणि म्हणालो, "सोड."

बार कलला. दुसऱ्या टोकाच्या लोखंडी चकत्या घसरून फरशीवर आपटल्या. खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला.

"काका, काय केलंत!" तो ओरडला. "शेवटचा होता!"

"मला वाटलं..."

"अहो, लटपटले म्हणजेच काम चाललंय की! त्याच्यासाठीच आलोय ना मी हितं?"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "काकांना टायरच्या दुकानात हमाल म्हणून घे रे." सर आले, चकत्या उचलल्या, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, एक लक्षात ठेवा. इथं कुणी मागितल्याशिवाय कुणाचं वजन घ्यायचं नसतं. ज्याचं त्याने पुरं करायचं."

मला एवढी शरम वाटली की मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. घरी येताना मी तेच घोकत होतो. लटपटले म्हणजे काम चाललंय. ज्याचं त्याने पुरं करायचं.

दिवाळीच्या आधीच्या खेपेला मी रात्रीच वाडीवर जाऊन राहिलो. कापणी ऐन भरात होती. चुलतभाऊ आणि शेजारी आपापली खाचरं सोडून आले होते, हे मला बोचत होतं, म्हणून मी ठरवूनच होतो की आज आपली पाळी लांबवायची. सकाळी दव पडलेलं असतानाच निघालो. उताराला पुढे मी, मागे दादा. आईचं डोकं दादाकडे. उतारावर बांबू पुढच्याच्या खांद्यावर सरकत येतो आणि मागच्याला तो गुडघ्यांवर जोर देऊन ओढून धरावा लागतो. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी पुढे होतो, कारण पुढचा वाट बघतो, आणि दादा म्हणाला होता, "तू फुडं हो, तुझी नजर चांगलीय."

पहिला उतार निघाला. मी बसलो नाही. मला फार आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाजही वाटली, कारण आई झोळीत कण्हत होती. नाचणीच्या शेतापाशी चुलतभाऊ जवळ आला, बांबूला हात लावला.

"सोड."

"थांब, जाऊ दे थोडं," मी म्हणालो.

"आरं, सोड की."

"जमतंय. जाऊ दे."

तो मागे सरला. थोड्या वेळाने शेजारी आला. "भोरच्या साहेबांचं काय आज? नवस बोललाय का?"

"राहू दे हो, शेवटचं थोडंच राहिलंय."

शेवटचं थोडं राहिलं नव्हतं. माझे पाय लटपटत होते, आणि ते लटपटतायत म्हणजे काम चाललंय, असं मला वाटत होतं. मागे दादा काहीच बोलत नव्हता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, पण मी तो माझाच समजत होतो. खरं सांगतो, मला मागे दुसरा माणूस आहे हे आठवत होतं, पण त्याचाही खांदा माझ्या 'थांब'ने अडकलाय, हे सुचलंच नाही. जोडी एकदम सुटते. मी सुटलो नाही तर तो कसा सुटेल? इतकी साधी गोष्ट. मी जन्मभर बघत आलेली.

"मला खाली ठेवा रं," आई मध्येच म्हणाली.

"काय झालं?"

"पाठीत कळ आली. ठेवा लवकर."

ठेवलं. मी वळून बघितलं तेव्हा दादा बांधावर बसलेला होता. बसलेला म्हणजे टाकल्यासारखा. ओठ पांढरे पडलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि गुडघे हातांखाली हलत होते. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे. आई झोळीतून त्याच्याकडेच बघत होती. तिच्या पाठीत कळ आली होती की नाही, हे मी तिला नंतरही विचारलं नाही.

पुढची वाट दुसऱ्या जोडीने काढली. खाली जीपपाशी मी दादाजवळ गेलो.

"दादा, सांगायचं ना."

"काय सांगू?"

"दमलो म्हणून."

तो जरा वेळ चपलेला लागलेलं कुसळ काढत राहिला. मग म्हणाला, "तू कवा दमतोय याची वाट बघत हुतो."

"मला वाटलं तुला झेपतंय."

"मला वाटलं, तुला झेपतंय म्हणल्यावर मला झेपाया पायजे."

चुलतभाऊ पुढच्या सीटवरून म्हणाला, "दोगं बी येडं हायत. झोळीत म्हातारी हुती ना, का कुस्तीचा फड हुता?"

भोरला डॉक्टरांनी जखम बघितली. बरी आहे म्हणाले, बरी म्हणजे वाढली नाही. पुढच्या महिन्यात परत आणा. आईला बाकावर निजवून आम्ही बाहेर उभे राहिलो तेव्हा दादाने विषय काढला. त्याने तो जीपमध्ये वाटभर तयार केला असणार.

"आता तुज्याकडंच ठेवू तिला. मी तरी किती दिस पुरनार? आज बघितलंस तू."

मी बघितलं होतं. आणि ते मीच घडवलं होतं. मी 'थांब' म्हटलं नसतं तर त्याचे ओठ पांढरे पडले नसते आणि हा विषय आज निघाला नसता. आईचं घर माझ्या त्या एका शब्दाने जाणार होतं. पण दादा म्हणतो तेही खोटं नव्हतं. आज नाही तर पुढच्या वर्षी त्याचे गुडघे जाणारच. मग आज मी मनातून नाही म्हणतोय ते आईसाठी, का बाथरूमसाठी? मी कितीही मागे गेलो तरी मला ते वेगळं करता येत नव्हतं. आईला घरी न्यावं असं वाटत होतं, आणि तसं वाटणं माझ्या सोयीचं होतं. दोन्ही खरं. मग कशावर विश्वास ठेवायचा?

"तुझं काय म्हननं?" दादाने विचारलं.

"तिला विचारू."

"तिला काय इच्यारायचं? ती म्हननार, तुमाला जमंल तसं."

आत जाऊन विचारलं. ती म्हणाली, "तुमाला जमंल तसं."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नेऊ वर." हे म्हणताना माझा आवाज ठाम होता. तो कुठून आला, मला माहीत नाही.

दुपार कलल्यावर सडकेवर उतरलो आणि झोळी बांधली. चढाला जड टोक मागचं असतं. मी दादाला पुढे घातलं आणि मागे मी राहिलो. आताही आईचं डोकं वरच्या अंगाला होतं, दादाकडे, आणि तोंड माझ्याकडे. खेप सुरू झाली. मी दादाची पाठ बघत होतो, त्याची मान, सदऱ्यावर पसरत जाणारा घामाचा डाग. सकाळी दिसायला हवं होतं ते सगळं आता दिसत होतं. पण त्यावरून तो दमलाय की नाही हे मला ठरवता येईना. घाम तर चालायला लागल्यावरच आला होता. मान वाकलेली होती, पण चढाला मान वाकतेच. दुसरी जोडी थोडी मागे होती. त्यांना दिवसभराची कापणी बुडाल्याचं बोलायचं असणार, ती दोघं बोलत येत होती.

चिंचेच्या सपाटीपाशी मी म्हणालो, "मी दमलो."

दादा थांबला. मागची दोघंही बोलायची थांबली. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही.

"आत्ताच?" दादाने मान न वळवता विचारलं.

"व्हय. ठेवू."

मी खरंच दमलो होतो का? त्या वेळी मला वाटलं, दादासाठी म्हणतोय. झोळी खाली टेकल्यावर माझा डावा हात वर होईना, तेव्हा वाटलं, नाही, माझ्यासाठीच म्हणालो. अजूनही नक्की सांगता येत नाही.

दुसरी जोडी वर आली. ठेवलेलीच झोळी बघून तीही बसली. शेजाऱ्याने तंबाखू मळली. चुलतभावाने बाटलीतलं पाणी आईला पाजलं, मग दादाला दिलं, मग मला. खाली खाचरांत माणसं दिसत होती, काही खाचरं कापलेली, काही उभी. ऊन मऊ झालं होतं. थोडा वेळ गेला. उठायला हवं होतं. पण मी उठलो तर दादाला उठावं लागेल, आणि त्याचं बसणं पुरं झालं की नाही हे मला कळत नव्हतं. दादाही उठत नव्हता, बहुतेक माझ्यासाठी. दुसऱ्या दोघांनी आमची पाळी घ्यायची, तर मी 'दमलो' म्हटल्यावर लगेच घेतली तर मला लाज वाटेल, असं त्यांना वाटत असावं. चार माणसं एकमेकांचे पाय बघत बसली होती.

आईने घोंगडीतून मान उचलून खाली बघितलं.

"त्ये भात कुनाचं रं? लोळलंय सगळं. कापा म्हनावं आदी."

शेजारी म्हणाला, "माजंच हाय त्ये म्हातारे. तुजी पालखी वाहतोय न्हवं, कवा कापू?"

"मग कापायला जा की. हितं का बसलाय तंबाखू खात?"

तो हसला, पण उठला नाही. कुणीच उठलं नाही. तेव्हा आईने एकेकाकडे बघितलं, दादाकडे जरा जास्त वेळ, मग माझ्याकडे. डोकं परत घोंगडीत टेकवलं.

"बसा," ती म्हणाली. "मला काय घाई न्हाई. घरीच तर जायाचंय."

मी दादाकडे बघितलं. दादा माझ्याकडे बघत होता.